धूर आणि ऊब : बेंजामिन फ्रँकलिन ह्याचें चरित्र

वाचकहो, थंडीच्या दिवसांतील एक पहांट डोळ्यांपुढें आणा. न्हाणीघरांत तांब्याचा बंब मांडलेला आहे. कोणीतरी त्याच्या नळींत काटक्या आणि ढलप्या घालून जाळ करीत आहे. पण लांकडें ओलीं आहेत, खालीं राख दाटली आहे, आणि पाणी तापण्याऐवजीं सारें घर मात्र धुरानें भरलें आहे. वडील मंडळी खोकत आहेत आणि मुलें डोळे चोळीत आहेत. हल्लीं विजेच्या व गॅसच्या सोयीमुळें पुष्कळ घरांतील बंब माळ्यावर जाऊन बसला आहे. तरी ज्यानें तो एकदां पेटविला आहे त्याला त्या धुराचा विसर पडणें कठीण. अशा प्रसंगीं आपण लांकडांना दोष देतों, वाऱ्याला दोष देतों, फार झालें तर बंब पेटविणाऱ्याला दोन शब्द सुनावतों. परंतु वर जाण्याचें सोडून हा धूर घरांत कां येतो, असा प्रश्न फारच थोडे लोक स्वतःला विचारतात.

हा प्रश्न ज्यानें आयुष्यभर सोडला नाहीं अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आज सांगणार आहों. त्याचें नांव बेंजामिन फ्रँकलिन. पतंग उडवून आकाशांतील विजेची परीक्षा पाहणारा म्हणून तो शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एक आधारस्तंभ म्हणूनही इतिहासांत त्याचें नांव आहे. परंतु घरांतील आगटी, तिचें जळण, तिचा धूर आणि तिची निगा ह्या साध्या गोष्टींतही त्याची बुद्धि तितकीच रमली होती, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. आम्हांस तर वाटतें कीं, त्याच्या थोरवीची ओळख पतंगापेक्षां ह्या शेगडीपाशींच अधिक चांगली पटते.

फ्रँकलिनचा जन्म 17 जानेवारी 1706 रोजीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं झाला. त्याचा बाप जोसाया हा इंग्लंडांतून तेथें जाऊन राहिला होता आणि चरबीच्या मेणबत्त्या व साबण तयार करण्याचा धंदा करीत असे. त्याला एकंदर सतरा मुलें झालीं. त्यांत बेंजामिन हा पंधरावा आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. मुलगा हुशार आहे असें पाहून त्यास धर्मोपदेशक करावें असें बापाच्या मनांत होतें. परंतु एवढ्या मोठ्या संसारांत तो खर्च झेपेना. दोन वर्षांच्या आंतच मुलाची शाळा सुटली. शाळेंत असतांना अंकगणितांत त्याची मुळींच प्रगति झाली नव्हती, आणि पुढें ह्याच मुलानें तो विषय आपल्या आपण पुस्तकावरून शिकून घेतला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिमित्रांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी.

दहाव्या वर्षीं तो बापाच्या कामाला लागला. वाती कापणें, सांचे भरणें, दुकान राखणें, निरोप पोंचविणें, हें त्याचें काम. त्याला त्या धंद्याची गोडी नव्हती. त्याचें मन समुद्राकडे ओढ घेई. मुलगा पळून जाईल ह्या भीतीनें बापानें त्याला बाराव्या वर्षीं जेम्स नांवाच्या त्याच्या थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून बांधून दिलें. तेथें खिळे जुळवितां जुळवितां त्याला वाचनाचें वेड लागलें. रात्रीं उसनें आणलेलें पुस्तक सकाळीं परत द्यावयाचें, म्हणून तो रात्र रात्र जागे. मांसाहार सोडून त्यांत वांचलेल्या पैशांतून त्यानें पुस्तकें विकत घेतलीं. सोळाव्या वर्षीं त्यानें एका विधवा बाईचें खोटें नांव घेऊन कांहीं लेख लिहिले आणि ते रात्रीं छापखान्याच्या दाराखालून आंत सरकवले. थोरल्या भावानें ते मोठ्या आवडीनें आपल्या पत्रांत छापले. लेखक घरांतच आहे हें त्याच्या स्वप्नींही आलें नाहीं!

भावाभावांचें पटेना. भाऊ रागीट होता आणि प्रसंगीं हातही उगारी. शेवटीं 1723 मध्यें, सतरा वर्षांचा असतांना, उमेदवारीची मुदत मोडून बेंजामिन पळाला. न्यू यॉर्कला काम मिळालें नाहीं, तेव्हां कांहीं वाट नावेनें आणि कांहीं पायीं काढीत, पावसांत भिजत तो फिलाडेल्फियास पोंचला. खिशांत एक डच डॉलर आणि थोडी तांब्याची मोड. त्यानें पावाच्या तीन मोठ्या लाद्या घेतल्या. दोन कांखेंत धरल्या आणि तिसरी खात खात तो रस्त्यानें निघाला. एका घराच्या दारांत डेबोरा रीड नांवाची मुलगी उभी होती. तिला हा ध्यानी मुलगा पाहून हंसूं आलें. पोट भरल्यावर उरलेल्या दोन लाद्या त्यानें नावेंतून बरोबर आलेल्या एका बाईला व तिच्या मुलाला देऊन टाकल्या. पुढें 1730 मध्यें हीच डेबोरा त्याची पत्नी झाली.

मधल्या काळांत एका बड्या अधिकाऱ्याच्या पोकळ वचनावर विसंबून तो लंडनला गेला, तेथें फसला, छापखान्यांत राबून पोट भरलें आणि 1726 मध्यें परत आला. 1728 मध्यें त्यानें भागीदारींत स्वतःचा छापखाना काढला. पुढल्या वर्षीं वर्तमानपत्र हातीं घेतलें. 1731 मध्यें वर्गणीचें वाचनालय स्थापलें. आणि 1732 पासून एक पंचांग काढण्यास सुरुवात केली. व्यवहारांतील शहाणपणाच्या वचनांमुळें तें घरोघरीं जाऊन बसलें. चरबीच्या मेणबत्त्या ओतणारा मुलगा अशा रीतीनें शहरांतील एक प्रतिष्ठित गृहस्थ झाला.

आतां त्या काळच्या घरांकडे वळूं. उत्तर अमेरिकेंतील हिंवाळा म्हणजे आपल्याकडील थंडी नव्हे. नद्या गोठतात, दौतींतील शाई गोठते, आणि घरांत अग्नि नसेल तर माणसाचा निभाव लागत नाहीं. त्या काळीं प्रत्येक घराच्या भिंतींत एक मोठी आगटी असे आणि तिच्यावर विटांचें उंच धुराडें. आगटींत ओंडके रचून जाळ करावयाचा. परंतु त्या जाळाची बहुतेक ऊब धुराड्यांतून आकाशाला जाई. धुराड्यांतून जितकी हवा वर जाई तितकी नवी थंड हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आंत शिरे. त्यामुळें आगीसमोर बसलेल्याचें तोंड भाजे आणि पाठ मात्र गारठे. बायका अशा खोलींत बसून शिवणकाम करीत. त्यांना सर्दीपडशाची आणि दातदुखीची पीडा ह्या गार झोतांमुळेंच होते असें फ्रँकलिनचें मत होतें.

दुसरी अडचण जळणाची. पूर्वी ज्याच्या त्याच्या दारांत मिळणारें लांकूड शंभर वर्षांच्या तोडीनें इतकें दूर गेलें होतें कीं, कांहीं शहरांना तें सुमारें शंभर मैलांवरून आणावें लागे. श्रीमंतांस तें परवडे. गरिबांनीं थंडींत काय करावें?

तिसरी अडचण आगीची. घरांत लांकूडकाम पुष्कळ. एका घरास आग लागली म्हणजे आळीच्या आळी जाई. 1735 मध्यें फ्रँकलिननें आपल्या पत्रांत ह्या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. निखारे उघड्या फावड्यावर घेऊन एका खोलींतून दुसरींत नेऊं नयेत, झांकणाच्या भांड्यांतून न्यावे. धुराडीं वेळच्या वेळीं झाडून घ्यावीं. धुराडीं झाडणारांस परवाना द्यावा, आणि झाडल्यापासून ठराविक दिवसांच्या आंत धुराडें पेटलें तर झाडणाराला दंड करावा, अशा त्याच्या सूचना होत्या. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें तत्त्व त्यानें सबंध शहरास शिकविलें. 1736 च्या डिसेंबरांत त्यानें आग विझविणाऱ्या नागरिकांची एक मंडळी उभारली. प्रत्येक सभासदानें चामड्याच्या बादल्या आणि सामान वांचविण्यासाठीं मजबूत पिशव्या घरांत तयार ठेवावयाच्या आणि हांक येतांच धांवावयाचें, असा नियम होता. पुढें 1752 मध्यें त्यानें आगीच्या विम्याचीही संस्था काढण्यांत पुढाकार घेतला.

परंतु आग विझविणें ही अर्धी गोष्ट झाली. आग शहाणपणानें पेटविणें ही दुसरी अर्धी. 1742 च्या सुमारास त्यानें एक नवी शेगडी सिद्ध केली. तिची रचना अशी होती : बिडाच्या पाटांची एक पेटी, पुढल्या बाजूनें उघडी, ती भिंतींतील आगटीच्या तोंडाशीं खोलीकडे पुढें काढून मांडावयाची. जाळाच्या पाठीमागें एक चपटी, पोकळ हवापेटी उभी. जाळांतून निघालेला धूर प्रथम वर चढे, हवापेटीच्या माथ्यावरून पलीकडे जाई, तिच्या मागल्या अंगानें खालीं उतरे, आणि जमिनीलगतच्या वाटेनें धुराड्यांत शिरून मग वर निघून जाई. इतका वळसा घेतांना धूर आपली ऊब लोखंडास देऊन टाकी. इकडे बाहेरची ताजी हवा जमिनीखालच्या वाटेनें हवापेटींत येई, आंतील आडव्या पट्ट्यांमधून नागमोडी फिरत तापे, आणि बाजूच्या छिद्रांतून ऊन होऊन खोलींत येई. म्हणजे धूर बाहेर, ऊब आंत, आणि कोंडलेल्या हवेच्या जागीं ताजी हवा, असा तिहेरी लाभ. पुढें एक सरकतें झांकण होतें. तें अर्धवट खालीं ओढलें म्हणजे वारा भात्यासारखा आंत शिरे आणि जाळ भडके. धुराच्या वाटेंत एक झडप होती. तिनें ओढ कमीजास्त करतां येई.

रॉबर्ट ग्रेस नांवाचा त्याचा एक मित्र लोखंडाच्या भट्टीचा मालक होता. हे पाट तो ओतूं लागला. त्याच्या मालास गिऱ्हाईक मिळावें म्हणून फ्रँकलिननें 1744 मध्यें एक पुस्तिका छापली. तींत शेगडी कशी मांडावी, कशी पेटवावी, कशी राखावी, हें सर्व आकृतींसह सांगितलें आहे. आपल्या बैठकीची खोली पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याच्या लांकडांत दुप्पट उबदार होते, असा स्वतःचा अनुभवही त्यानें त्यांत नमूद केला आहे. लोखंडी शेगडीला दुर्गंधी येते अशी कित्येकांची तक्रार असे. त्यावर त्यानें उत्तर दिलें कीं, लोखंडास स्वतःचा वास नाहीं; लोक तिच्यावर थुंकतात, तेलकट वस्तु सांडतात, ती मळ जळून घाण सुटते; राखेच्या गरम पाण्यानें शेगडी घांसून स्वच्छ करावी म्हणजे झालें. धुराडें झाडणारास वर चढतां यावें म्हणून लहानसें दार ठेवण्यासही तो विसरला नाहीं. केवळ यंत्र करून देणारे पुष्कळ असतात. तें वापरणाराच्या हातीं पडल्यावर काय होईल ह्याचा विचार करणारा विरळा.

ही पुस्तिका वाचून पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर इतका प्रसन्न झाला कीं, ती शेगडी कांहीं वर्षें विकण्याचा एकट्याचा हक्क, म्हणजे पेटंट, फ्रँकलिनला देण्यास तो तयार झाला. फ्रँकलिननें तें नाकारलें. आपण इतरांच्या शोधांचा लाभ फुकट घेतों, तर आपल्या शोधाचा लाभही इतरांस आनंदानें व फुकट द्यावा, असें त्याचें मत होतें. लंडनमधील एका व्यापाऱ्यानें त्या शेगडींत थोडा फरक करून आपल्या नांवें पेटंट मिळविलें आणि बराच पैसा केला. फ्रँकलिननें त्याच्याशीं तंटा केला नाहीं. पुढें विजेपासून घरांचें रक्षण करणारा लोखंडी गज त्यानें शोधून काढला; त्याचेंही पेटंट घेतलें नाहीं.

येथवर वाचून आमच्या वाचकांस वाटेल कीं ही शेगडी निर्दोष होती. तसें नव्हतें, आणि तें लपविणें चरित्रकारास शोभत नाहीं. ऊन धुराचा धर्म वर जाण्याचा. त्यास खालीं उतरविणें म्हणजे प्रवाहाविरुद्ध नाव हाकणें. धुराडें चांगलें तापलेलें असेपर्यंत तें धुरास ओढून घेई. पण जाळ मंद झाला कीं ओढ तुटे आणि धूर उलट खोलींत पसरे. ह्या कारणानें ती शेगडी मूळच्या स्वरूपांत फारशी चालली नाहीं. डेव्हिड रिटनहाउस ह्या विद्वानानें पुढें धुराची वाट सरळ वर काढून तो दोष घालविला. नंतर फ्रँकलिनच्या नांवानें ज्या शेगड्या विकल्या गेल्या त्यांत बहुधा ना हवापेटी होती ना उतरती वाट! बॉस्टनजवळच 1753 मध्यें जन्मलेल्या बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजे काउंट रम्फर्ड, ह्यानें शतकाच्या अखेरीस भिंतींतील आगटी उथळ करून, तिच्या बाजू तिरप्या करून आणि धुराड्याचा गळा अरुंद करून मोठीच सुधारणा केली. तथापि घरांतील अग्नि हा शास्त्राचा विषय आहे, हें ज्यानें जनतेस पटवून दिलें त्याचा मान कमी होत नाहीं.

ह्या विषयांतील कांहीं गोष्टी आज अधिक स्पष्टपणें कळल्या आहेत. थंड मुलखांत ज्यांना लांकडाच्या शेगडीशीं काम पडतें त्यांच्यासाठीं आणि इतरांच्या ज्ञानासाठीं त्या येथें सांगतों. पहिली गोष्ट लांकूड. ओल्या लांकडाची बरीच शक्ति स्वतःतील पाणी आटविण्यांतच खर्ची पडते. म्हणून तें फोडून, पावसापासून झांकून परंतु वारा लागेल असें रचून, निदान एक उन्हाळा सुकवावें. सुकलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. ओल्यांचा आवाज बद्द येतो. दुसरी गोष्ट पेटविण्याची. बारीक काटक्यांचा चटकन् भडकणारा जाळ करून आधीं धुराडें तापवावें, मग मोठीं लांकडें घालावीं. कारण तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या मागोमाग धूर ओढला जातो. तिसरी गोष्ट, जळण पुरावें म्हणून वाऱ्याची वाट अगदीं आवळून जाळ धुमसत ठेवूं नये. तसें केल्यानें अर्धवट जळलेला धूर धुराड्यांत डांबरासारखा थिजतो आणि पुढें एखाद्या दिवशीं तोच पेटून घरास आग लावतो. म्हणून वर्षांतून निदान एकदां, थंडीपूर्वी, धुराडें झाडून तपासून घ्यावें.

राखेविषयींही सावधपण पाहिजे. लांकडाच्या जाळाखालीं बोटभर राखेचा थर राहूं द्यावा, त्यानें निखारे टिकतात. उरलेली काढून झांकणाच्या लोखंडी भांड्यांत घराबाहेर ठेवावी. राखेच्या पोटांत निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो. तापलेल्या बिडावर पाणी ओतूं नये, तें तडकतें. रंग दिलेलें लांकूड किंवा केरकचरा शेगडींत जाळूं नये. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, निखारे जिवंत असतांना धुराची झडप कधींही पूर्ण बंद करूं नये. कार्बन मोनॉक्साइड नांवाचा जो विषारी वायु त्यांतून निघतो त्यास ना रंग ना वास. झोंपलेला मनुष्य झोंपेंतच दगावतो. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें आपल्याकडेही प्राणघातक ठरलें आहे. फ्रँकलिनच्या काळीं ह्या वायूचें ज्ञान नव्हतें. परंतु खोलींत ताजी हवा पाहिजे हा त्याचा आग्रह ह्याच वाटेनें जाणारा होता.

1748 मध्यें, बेचाळिसाव्या वर्षीं, फ्रँकलिननें धंद्यांतून अंग काढून घेतलें आणि शास्त्राकडे व लोकसेवेकडे लक्ष वळविलें. विजेचे प्रयोग, 1751 मध्यें उघडलेली पाठशाळा, त्याच वर्षीं स्थापन झालेलें रुग्णालय, टपालखात्याची सुधारणा, ह्या सर्वांची हकीगत सांगूं गेल्यास स्थळ पुरणार नाहीं. 1757 मध्यें वसाहतीचा वकील म्हणून तो लंडनला गेला. मध्यंतरीं दोन वर्षें घरीं काढलीं तीं सोडल्यास 1775 पर्यंत त्याचा मुक्काम तेथेंच होता. क्रेव्हन स्ट्रीटवरील बिऱ्हाडींही त्यानें आपल्या आगटीच्या धुराड्यास सरकती लोखंडी झडप बसवून जळणाची बचत केलीच.

पण इकडे त्याच्या स्वतःच्या घरची आगटी कोण राखीत होतें? डेबोरा. तिला समुद्राची भीति वाटे, म्हणून ती कधीं लंडनला गेली नाहीं. फिलाडेल्फियांत त्यांचें नवें घर बांधून झालें तें ह्याच्या गैरहजेरींत. त्यांतील स्वयंपाकघराची योजना फ्रँकलिनची. धूर, वाफ आणि वास बाहेर जाण्यासाठीं त्यानें त्यांत नाना युक्त्या केल्या होत्या. 1765 मध्यें त्यानें पत्नीस लिहिलें कीं, हें स्वयंपाकघर म्हणजे एक यंत्रच आहे, आणि त्या युक्त्या तुला नीट समजावून देण्यास मी तेथें नाहीं ह्याचें मला वाईट वाटतें. त्याच वर्षीं करांच्या प्रकरणीं संतापलेला जमाव त्या घरावर चालून येणार अशी आवई उठली. तेव्हां त्या बाईनें घर सोडण्याचें नाकारून, बंदुका मागवून, नातलगांच्या सोबतीनें तें राखलें. 1769 मध्यें तिला पक्षाघाताचा झटका आला. तिनें पतीची वाट पाहिली. पण सरकारी कामें निघतच गेलीं. 1774 च्या डिसेंबरांत ती वारली. दहा वर्षांत त्यांची भेट झाली नव्हती. परक्यांच्या घरांत ऊब कशी पोंचेल ह्याची विवंचना करणारा हा पुरुष स्वतःच्या घरीं मात्र ती पोंचविण्यास चुकला, असें आम्हांस येथें खेदानें म्हणावें लागतें.

दुसरें दुःख मुलाचें. विल्यम हा त्याचा मुलगा पतंगाच्या प्रयोगांत त्याच्या शेजारीं उभा होता. पुढें तो न्यू जर्सी प्रांताचा गव्हर्नर झाला. 1776 मध्यें स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर बापानें सही केली आणि मुलगा राजाच्या पक्षास चिकटून राहिला. बापलेकांत जें वितुष्ट आलें तें कायमचें. युद्ध संपल्यावर मुलानें समेटाची इच्छा दर्शविली; परंतु 1785 मध्यें इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्यांची जी भेट झाली ती कोरड्या हिशेबाची, आणि शेवटची, ठरली. मृत्युपत्रांतही बापानें त्याला जवळजवळ कांहीं ठेवलें नाहीं. ज्याची जगाशीं मैत्री जमली त्याला पोटच्या मुलास क्षमा करतां आली नाहीं.

त्या धामधुमीच्या 1776 सालांतील एक गमतीची गोष्ट सांगतों. वाटाघाटीसाठीं जातांना फ्रँकलिन व जॉन ॲडम्स ह्यांना एका खाणावळींत एकाच लहान खोलींत निजावें लागलें. ॲडम्सला रात्रीच्या वाऱ्याची भीति, म्हणून त्यानें खिडकी लावली. फ्रँकलिन म्हणाला, खिडकी उघडा, नाहींतर कोंडून मरूं. आणि सर्दी थंड हवेनें होत नसून कोंडलेल्या हवेनें होते ह्या विषयावर त्यानें व्याख्यान सुरू केलें. तें ऐकतां ऐकतां ॲडम्सला गाढ झोंप लागली!

त्याच वर्षाच्या अखेरीस, सत्तराव्या वर्षीं, फ्रँकलिन फ्रान्सला वकील म्हणून गेला. 1778 चा फ्रान्सशीं तह आणि 1783 चा इंग्लंडशीं तह हीं त्याच्या मुत्सद्देगिरीचीं फळें. 1785 मध्यें तो अखेरचा स्वदेशीं निघाला. वय एकुणऐंशी, शरीर मूतखड्यानें जर्जर. अशा स्थितींत जहाजावर बसून त्यानें काय लिहिलें? धुराडीं कां धुरकटतात आणि त्यावर उपाय काय, हा निबंध! खोलींत हवा येण्यास वाट नसणें, आगटीचें तोंड फार मोठें असणें, धुराडें आंखूड असणें, एका आगटीनें दुसरीची हवा ओढणें, शेजारीं उंच टेकडी किंवा इमारत असणें, दार भलत्या जागीं असणें, अशीं नऊ कारणें त्यानें वेगवेगळीं मांडलीं. पहिल्या कारणाची परीक्षा त्यानें किती सोपी सांगितली आहे पहा. दार बंद केल्यावर धूर येतो ना? मग दार हळूहळू उघडा, आणि धूर थांबतांच फट मोजा. दार आठ फूट उंच आणि फट अर्ध्या इंचाची, तर अठ्ठेचाळीस चौरस इंच हवा हवी. म्हणजे सहा इंच बाय आठ इंचांचें एक छिद्र योग्य जागीं पाडा. ह्यापेक्षां पुष्कळ वेळां कमीही पुरतें. गणितांत मागें पडलेल्या त्या मुलाचें हें गणित!

आयुष्याच्या शेवटीं त्यानें आणखी एक चूक सुधारली. अनेक वर्षें त्याच्या घरीं गुलाम होते, आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती त्याच्या पत्रांत छापल्या जात. जो स्वतः उमेदवारीचें बंधन तोडून पळाला होता त्याला ह्यांतील अन्याय दिसण्यास फार काळ लागला. परंतु दिसल्यावर तो गप्प बसला नाहीं. 1787 मध्यें तो गुलामगिरीविरोधी मंडळीचा अध्यक्ष झाला, आणि 1790 च्या फेब्रुवारींत, मरणाच्या दोन महिने आधीं, ती प्रथा बंद करण्याविषयींचा अर्ज त्याच्या सहीनें काँग्रेसपुढें गेला. अर्ज मान्य झाला नाहीं.

17 एप्रिल 1790 रोजीं, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन, फ्रँकलिन निवर्तला. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया ह्या दोन शहरांस त्यानें प्रत्येकीं एक हजार पौंड ठेवले. त्यांतून तरुण कारागिरांस कर्ज द्यावें आणि ती रक्कम दोनशें वर्षें वाढवीत न्यावी, अशी व्यवस्था केली. ती मुदत 1990 च्या सुमारास पुरी झाली. डेबोरेच्या शेजारींच त्याला पुरलें, आणि साध्या शिळेवर दोघांचीं नांवें आणि साल एवढेंच कोरलें.

विद्यार्थिमित्रांनो, मोठेपणा मोठ्याच विषयांत सांपडतो असें मानूं नका. ज्या बुद्धीनें विजेचा छडा लावला तीच बुद्धि धुराड्याच्या काजळींत हात घालण्यास लाजली नाहीं. आणि पालकहो, आपल्या मुलानें चुलीपाशीं, दिव्यापाशीं किंवा बंबापाशीं बसून असें कां होतें म्हणून विचारलें, तर कामाच्या घाईंत त्याला उठवून लावूं नका. उत्तर ठाऊक नसेल तर दोघे मिळून दार उघडून पहा आणि फट मोजा. जगावर उपकार करतांना आपल्या घरची ऊब मात्र विसरूं नये, ही फ्रँकलिनला उशिरां कळलेली गोष्ट आपण त्याच्या चरित्रावरून लौकर शिकूं या.